परराष्ट्र खात्याचं निवेदन तांबड्या-निळ्या पेन्सिलीनं कसं वाचायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या कचेरीसमोर माझं टेबल आहे. उतारे, वाटणीपत्रं, संमतीपत्रं, नोटिसा मी कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून कन्नडमध्ये करून देते. सव्वीस वर्षं झाली. संध्याकाळी कचेरी सुटली की त्याच टेबलाभोवती स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी जमतात. कुणी नंदगडहून येतं, कुणी लोंढ्याहून रेल्वेनं, कुणी जांबोटीहून बसनं. आंतरराष्ट्रीय संबंधांचा भाग त्यांना पाठ असतो. सिमला करार कधी, व्हिएन्ना करार कधी, झटक्यात सांगतात. पण पेपरातली चार ओळींची बातमी समोर ठेवली, "अमुक देशाच्या उच्चायुक्तांना पाचारण करून भारताने तीव्र नाराजी नोंदवली", आणि विचारलं की यात नेमकं काय झालं, किती झालं, आता पुढचा काय करेल, की सगळी गप्प.

मी परराष्ट्र खात्यात कधी नव्हते. पण दोन भांडणाऱ्या पक्षांच्या मध्ये बसून दोघांनाही सही करता येईल असा कागद करणं हे माझं रोजचं पोट भरायचं काम आहे, आणि देशही शेवटी तेच करत असतात. पोरांना जसं शिकवते तसंच इथं लिहिते.

साहित्य फार लागत नाही. एक दोनशेपानी वही, कात्री, डिंक आणि जुन्या कचेऱ्यांत असायची तशी एका टोकाला तांबडी, दुसऱ्या टोकाला निळी पेन्सिल. तांबड्यानं क्रियापदांखाली रेघ मारायची. निळ्यानं समासात एकच प्रश्न लिहायचा आणि त्याचं उत्तर: समोरचा हा कागद घेऊन घरी गेला, तर घरच्यांना काय सांगेल? हा प्रश्न सोडून पुढं जायचं नाही.

आधी पायरी ओळखा

पूर्वी दुसऱ्या दरबारात आपला माणूस बसवायचा तर त्याला वकील म्हणत. पेशव्यांचे वकील हैदराबादेत असत, दिल्लीत असत. राजदूताच्या कचेरीला आपण आजही वकिलात म्हणतो, ती तिथूनच आली. वकिलानं आपलं म्हणणं पोचवायचं, तिथली हवा इकडं कळवायची आणि काहीही झालं तरी बोलण्याचं दार बंद होऊ द्यायचं नाही. या माणसाला आज जे संरक्षण आहे ते १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या ५३ कलमांत लिहिलेलं आहे. त्यातलं नववं कलम नीट वाचा. यजमान देश कुठल्याही क्षणी, कारण न सांगता, परक्या राजनयिक अधिकाऱ्याला "नको असलेली व्यक्ती" ठरवू शकतो. "कारण न सांगता" या शब्दांखाली तांबडी रेघ मारा. कारण द्यावंच लागलं असतं तर प्रत्येक वेळी पुराव्यांवरून नवं भांडण उभं राहिलं असतं. कारण न मागण्यानं दोघांचीही सुटका होते.

नाराजी दाखवायच्या पायऱ्या साधारण अशा चढतात. आधी प्रवक्ता बोलतो. मग त्यांच्या राजदूताला मंत्रालयात बोलावून निषेध सोपवतात, त्याला डिमार्श म्हणतात. इथं बोलावणारा अधिकारी कोणत्या दर्जाचा होता तेवढं बघायचं, कारण सहसचिवानं बोलावणं वेगळं आणि परराष्ट्र सचिवानं बोलावणं वेगळं. मग आपला राजदूत "सल्लामसलतीसाठी" परत बोलावतात. हा शब्द मुद्दाम ठेवलेला असतो, कारण सल्लामसलत संपली असं म्हणून त्याला उद्या परत पाठवता येतं. त्यानंतर हकालपट्टी, मग कर्मचाऱ्यांची संख्या कापणं, मग राजदूताऐवजी प्रभारी ठेवणं, आणि अगदी वर संबंध तोडणं.

आता भारत-पाकिस्तान घ्या. ऑगस्ट २०१९ पासून दोन्ही राजधान्यांत उच्चायुक्त (राष्ट्रकुलातले देश एकमेकांच्या राजदूताला असं म्हणतात) नाहीत, प्रभारी आहेत. एप्रिल २०२५ मध्ये उच्चायुक्तालयातली माणसं ५५ वरून ३० वर आणायचं ठरलं. म्हणजे शिडीवर खूप वर गेलेत, पण शेवटच्या पायरीवर पाय ठेवलेला नाही. ती पायरी चढली तरी सगळं संपतं असंही नाही. अमेरिकेनं इराणशी संबंध १९८० साली तोडले, पण तेहरानमध्ये अमेरिकेच्या हिताचं काम स्वित्झर्लंडची वकिलात तेव्हापासून बघते. भाऊबंदकीत अबोला धरलेल्या दोन घरांत शेजारची आज्जी निरोप पोचवते, तसं.

पायरी ओळखताना "जशास तसं" किती मोजून केलंय तेही बघा. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. दिल्लीनं काय केलं? अमेरिकी वकिलातीसमोरचे सिमेंटचे अडथळे उचलले आणि त्यांच्या वाणिज्य अधिकाऱ्यांना दिलेली विशेष ओळखपत्रं परत मागवली. यातलं काहीही करारानं देणं भाग नव्हतं. सौजन्य म्हणून दिलं होतं, ते काढून घेतलं. कुठलंही कलम मोडलं नाही आणि निरोप तर लख्ख पोचला. दुसरीकडं त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या भारताच्या कायमस्वरूपी कार्यालयात केली, कारण वाणिज्य दूतापेक्षा तिथल्या अधिकाऱ्याला संरक्षण जास्त असतं. जानेवारी २०१४ मध्ये त्या भारतात परतल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅनडाचे ४१ राजनयिक अधिकारी भारतातून गेले, तेव्हाही आपण अकराव्या कलमावर बोट ठेवलं: दूतावासाचा आकार यजमानाला रास्त वाटेल इतकाच असावा. "हाकललं" हा शब्द दिल्लीनं वापरला नाही. "समानता" हा वापरला.

आपल्याकडच्या पोरांना हे चटकन कळतं. सीमाप्रश्न तापला की कोगनोळीच्या नाक्यापाशी बस थांबतात, अलीकडची अलीकडं आणि पलीकडची पलीकडं. बस थांबणं ही खालची पायरी आहे, आणि ती कधी परत सुरू होते यावरून आपण घरी बसून पारा ओळखतो. तीच नजर बाहेरच्या बातम्यांना लावायची.

मग क्रियापद

इथं मी थांबून शिकवते, आणि पोरं कंटाळली तरी सोडत नाही. कारण मी स्वतः एका क्रियापदानं पोळले आहे.

नंदगडकडचं एक मराठी बोलणारं कुटुंब आणि बिडीकडचं एक कन्नड बोलणारं, अशा दोघांच्या शेतांमधल्या बांधावरून वाद होता. बांधाला लागून पाट. समेटाचा कागद आधी कन्नडमध्ये झाला होता. त्यात लिहिलं होतं की बांध आपल्या हद्दीत असल्याचं पहिला पक्ष म्हणतो, हे दुसऱ्या पक्षाला "तिळिदिदे". म्हणजे ठाऊक आहे. मी तेव्हा नवी होते, घाईत होते, बाहेर आठ माणसं ताटकळत होती. मी मराठीत लिहिलं, "मान्य आहे". मान्य असतं तर कन्नडमध्ये "ओप्पिद्दारे" असतं. मराठी पक्षातले म्हातारे अण्णा एकेक अक्षर बोटानं चाचपत वाचत होते. त्या शब्दावर बोट थांबलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि उठले. "मी कवा मान्य केलं, बाई?" एवढंच म्हणाले. तो कागद परत टेबलावर यायला दोन पावसाळे गेले. त्या दोन वर्षांत पाटाचं पाणी कुणालाच नीट मिळालं नाही.

आता हेच जगाच्या पातळीवर बघा. फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि शांघाय निवेदन निघालं. तैवानच्या प्रश्नावर दोघांचं जमणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी एक वेगळाच कागद केला: आधी चीननं आपली भूमिका लिहिली, अमेरिकेनं आपली, एकाच निवेदनात दोन तोंडांनी. मग अमेरिकेनं म्हटलं की सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंचे चिनी लोक चीन एकच आहे असं मानतात, याची आम्ही दखल घेतो. मान्य करतो असं म्हटलं नाही. चिनी मजकुरात तेव्हा शब्द होता "रन्शिदाओ", म्हणजे जाणतो. १९७९ साली पूर्ण संबंध जोडताना इंग्रजी शब्द तोच राहिला, पण चिनी मजकुरात "छंगरन" आला, जो मान्य करण्याच्या जवळ जातो. तिळिदिदे आणि ओप्पिद्दारे! अमेरिकेनं सांगितलं की आम्ही इंग्रजी धरून चालतो. दोघंही आपापल्या घरी आपापला कागद दाखवू शकले. माझ्या टेबलावर ज्या फरकानं समेट मोडला, त्याच फरकाच्या आधारानं तिथं दोन मोठे देश बोलत राहिले. फरक नकळत झाला की मुद्दाम ठेवला, यावर सगळं आहे.

एका बाजूला न कळलेल्या फरकाची किंमत इथिओपियाला विचारा. १८८९ साली इटलीबरोबर वुचालेचा तह झाला, एक मजकूर अम्हारिक भाषेत, एक इटालियनमध्ये. सतरावं कलम अम्हारिकमध्ये म्हणत होतं की सम्राट मेनेलिक परदेशांशी व्यवहारासाठी इटलीची मदत घेऊ शकतात. इटालियन मजकूर म्हणत होता की इटलीमार्फतच व्यवहार होतील. त्या आधारावर इटलीनं युरोपभर जाहीर केलं की इथिओपिया आमच्या संरक्षणाखाली आहे. भांडण वाढत १ मार्च १८९६ ला अदवाच्या लढाईपर्यंत गेलं. इटली हरली आणि इथिओपिया स्वतंत्र राहिला.

हे कलम वाचताना मला दर वेळी वसईचा तह आठवतो. ३१ डिसेंबर १८०२. दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांची फौज आपल्या खर्चानं ठेवून घेतली आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी करायची नाहीत हेही कबूल केलं. इथं भाषांतराची चूक नव्हती, सगळं स्पष्ट होतं. आपला वकील आपल्या मर्जीनं पाठवायचा हक्क गेला, त्यानंतर सोळा वर्षांत बेळगावचा किल्लाही इंग्रजांच्या हातात होता. म्हणून करार वाचताना "विचारून", "संमतीनं", "मार्फत" असे शब्द दिसले की मी पोरांच्या हातून दोनदा रेघ मारून घेते.

क्रियापदाबरोबर नुसतं एखादं लहान अक्षरही बघा. नोव्हेंबर १९६७ चा सुरक्षा परिषदेचा ठराव २४२. इस्रायलनं युद्धात घेतलेल्या प्रदेशातून मागं जावं, असं त्यात आहे. इंग्रजीत "प्रदेशांतून", त्याआधी सगळ्या किंवा त्या असं काही नाही. फ्रेंच मजकूर वाचला तर "त्या प्रदेशांतून" असा अर्थ निघतो. सगळा प्रदेश की काही, हा वाद तिथूनच चालू आहे. ठराव एकमतानं मंजूर झाला. मोघमपणा नसता तर तसं झालं असतं असं मला वाटत नाही.

आणि कधी कधी शब्द बदलणं हीच चाल असते. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्युबाभोवती आरमार उभं केलं, पण त्याला नाकेबंदी म्हटलं नाही, क्वारंटाइन म्हटलं. नाकेबंदी म्हणजे युद्धाची कृती. क्वारंटाइन म्हटल्यावर समोरच्याला युद्धानं उत्तर द्यायची सक्ती उरत नाही.

बाधा न येता

बांधाचा कागद शेवटी झाला, तो या तीन शब्दांवर. दोन पावसाळ्यांनंतर दोन्ही घरची माणसं पुन्हा आली. बिडीचे लोक मला अक्का म्हणायचे, नंदगडचे बाई. मी विचारलं, बांध कुणाचा ते आज ठरवायचंय, की पाणी आज पाहिजे? दोघंही म्हणाले पाणी. मग लिहिलं: बांधाच्या मालकीबाबत दोन्ही पक्षांच्या म्हणण्याला बाधा न येता, सरकारी मोजणी होईपर्यंत पाटाचं पाणी दिवसाआड घ्यावं. अण्णांनी पुन्हा बोट फिरवलं, "बाधा न येता" वर थांबले, दोनदा वाचलं आणि सही केली.

हे शब्द मी शोधले नव्हते. २ जुलै १९७२ च्या सिमला करारात आहेत. १७ डिसेंबर १९७१ च्या युद्धविरामातून आलेली नियंत्रण रेषा दोघांनी पाळावी, आपापल्या मान्य भूमिकेला बाधा न येता. रेषा पाळायची, पण ती सीमा आहे असं कुणी कबूल केलेलं नाही. वहीत असा प्रत्येक शब्दप्रयोग वेगळ्या पानावर उतरवून घ्या. समेट होत नाही पण रोजचं चालायला हवं, तिथं देश हेच वापरतात.

असंच एक साधन म्हणजे दोघांनी दोन निवेदनं काढणं. भूतानच्या सीमेजवळ डोकलामला भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं राहिलं, तो पेच २०१७ साली ७३ दिवस चालला. २८ ऑगस्टला संपला तेव्हा आपण म्हटलं, दोन्ही बाजूंचे सैनिक मागं होतायत. चीननं म्हटलं, भारतीय सैनिक मागं गेले आणि आमची गस्त चालू राहील. दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी चिकटवा आणि निळ्यानं उत्तर लिहा. आठवड्याभरातच चीनमध्ये ब्रिक्सची, म्हणजे भारत-चीन दोघंही असलेल्या देशगटाची, शिखर परिषद होती, हेही बाजूला लिहा. तारखा जवळ आल्या की गाठी सुटतात.

मध्ये तिसरा माणूस, आणि एकच कागद

सप्टेंबर १९७८. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी इजिप्तच्या सादातना आणि इस्रायलच्या बेगिनना कॅम्प डेव्हिडला डोंगरात नेऊन ठेवलं. पत्रकार बाहेर. थोडक्या दिवसांत आटपेल असं वाटलं होतं, तेरा दिवस लागले. पहिल्या काही दिवसांतच दोघं एकमेकांवर इतके भडकले की नंतर त्यांना समोरासमोर बसवणंच सोडून दिलं. अमेरिकनांनी स्वतः एक मसुदा केला आणि तोच इकडून तिकडं फिरवला. ना इजिप्तचा, ना इस्रायलचा. प्रत्येक वेळी विचारायचं, यात तुम्हाला काय चालत नाही? २३ मसुदे झाले.

मागणी आणि गरज वेगळी काढणं हे यातलं मूळ आहे. इजिप्तचा सिनाई प्रदेश १९६७ च्या युद्धापासून इस्रायलच्या ताब्यात होता. सादात म्हणत, सिनाईची वीतभर जमीन सोडणार नाही. बेगिन म्हणत, सिनाई सोडणार नाही. असंच लिहित बसलं असतं तर रेघ कुठं मारायची एवढाच प्रश्न. पण इजिप्तला पाहिजे होती सगळी जमीन आपल्या झेंड्याखाली, आणि इस्रायलला पाहिजे होतं की इजिप्तचे रणगाडे दाराशी येऊ नयेत. मग सगळी सिनाई इजिप्तला आणि तिथं सैन्यावर मर्यादा. शेवटच्या दिवशी बेगिन निघून जायच्या बेतात असताना कार्टर यांनी त्यांच्या नातवंडांसाठी फोटोंवर एकेकाचं नाव लिहून सह्या करून दिल्या. हा प्रसंग सांगितला की मुली हमखास विचारतात, मग फोटोमुळं झालं का? तेरा दिवसांच्या मसुद्यांशिवाय फोटोला काही अर्थ नव्हता. पण नातवंडांची नावं वाचल्यावर माणूस पुन्हा खुर्चीत बसतो, हे मी माझ्या टेबलावरही पाहिलंय.

मध्यस्थ नुसता निरोप्या आहे, मसुदा करणारा आहे की जामीन राहणारा, हे वहीत लिहा. १७८२ च्या सालबाईच्या तहात महादजी शिंद्यांनी मध्यस्थीही केली आणि तो पाळला जाईल याची हमीही घेतली. सिंधू पाणी करारामागं १९६० साली जागतिक बँक होती, सहीसुद्धा केली. जामीन कोण, हे न लिहिलेला करार वाचला की मला कित्तूर आठवतं, ते आपल्याच जिल्ह्यात. ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत कंपनीचे दोन अधिकारी राणी चन्नम्मांच्या हाती ओलीस पडले. लढाई थांबवण्याच्या बोलीवर राणीनं त्यांना सोडलं. कमिशनर चॅप्लिननं जास्त फौज आणली आणि डिसेंबरात किल्ला घेतला. ओलीस गेले, बोली हवेत राहिली. मोबदला आधी द्यायचा की नंतर, आणि मधल्या काळात कुणाच्या हातात काय राहतं, हे आज शस्त्रसंधीच्या बोलण्यांतही सगळ्यात आधी बघतात.

पडद्याआड

उघड बातमीत न दिसणाऱ्या बोलण्याला पोरं "सेटिंग" म्हणतात. तो शब्द मी वापरू देत नाही. कारण उघड्यावर माणूस आपल्या लोकांसाठी बोलतो आणि आड बोलताना समोरच्यासाठी, दोन्ही लागतं. क्युबाच्या पेचात २६ ऑक्टोबरला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं एक मवाळ पत्र आलं आणि २७ ला एक कडक. केनेडींनी पहिल्याला उत्तर दिलं, जणू दुसरं आलंच नाही. त्याच रात्री त्यांच्या भावानं सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटून सांगितलं की तुर्कस्तानातली आमची क्षेपणास्त्रं काही महिन्यांत काढून घेऊ, पण हे कुठं बोलायचं नाही. २८ ला पेच सुटला. एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं निघाली. केनेडी घरी विजयी दिसले आणि ख्रुश्चेव्ह यांच्या पदरात जे पडलं ते त्यांना दाखवता आलं नाही. निळ्या पेन्सिलीनं बघितलं तर हा सौदा एका बाजूला लंगडा होता. ख्रुश्चेव्ह यांचं पद १९६४ मध्ये गेलं, त्यामागं इतरही कारणं होती, पण हेही होतं.

दबावाबद्दल थोडक्यात. निर्बंध, मदत थांबवणं, आरमार हलवणं, करार स्थगित ठेवणं, हे सगळं दंडात येतं आणि सामदामदंडभेद तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. बघायचं एवढंच की निर्बंध कशानं उठतील हे लिहिलंय का. ते लिहिलेलं नसेल तर समोरच्याला वागणूक बदलायला कारणच उरत नाही.

छिटमहाल

हा धडा मी नेहमी शेवटी घेते आणि त्या दिवशी कुणी लवकर जात नाही. भारत आणि बांगलादेशच्या सीमेवर छिटमहाल होते. बांगलादेशात भारताचे १११ तुकडे आणि भारतात बांगलादेशचे ५१. चहूबाजूंनी परका देश, मध्ये आपलं गाव. दवाखान्याला, शाळेला, बाजाराला जायचं तर परदेश ओलांडायचा. १९७४ साली इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी अदलाबदलीचा करार केला. पण आपली जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती लागते, हे पश्चिम बंगालमधल्या बेरुबाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्येच सांगितलेलं. म्हणून काम अडलं. मधल्या काळात लहान पावलं पडत राहिली: बांगलादेशच्या एका छिटमहालाला त्याच्या देशाशी जोडणारी तीन बिघा मार्गिका १९९२ ला दिवसाचे काही तास उघडली, २०११ ला चोवीस तास. त्याच वर्षी दोन्ही सरकारांनी मिळून घरोघरी फिरून माणसं मोजली, एकावन्न हजारांवर भरली. २०१५ च्या मे महिन्यात शंभरावी घटनादुरुस्ती झाली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री तुकडे बदलले गेले.

भारताला जमीन कमी मिळाली आणि जास्त द्यावी लागली. तरी संसदेत विरोधात मत पडलं नाही. कारण प्रत्यक्षात त्या जमिनीवर भारताचा पोलीस कधी पोचूच शकत नव्हता, आणि हे घरी नीट सांगितलं गेलं. माणसांना विचारलं गेलं, नागरिकत्व कुठलं पाहिजे. भारतातल्या तुकड्यांमधली सगळी भारतीय झाली. पलीकडच्यांपैकी हजाराच्या आसपास माणसं भारतात आली, बाकीची आपल्या घरी राहिली.

इथं एक पोरगी दर वर्षी विचारतेच, वेगवेगळी पोरगी पण प्रश्न तोच: "मग आपलं का नाही होत, बाई?" मी सीमाभागातलीच आहे. १ नोव्हेंबर, इथली मराठी माणसं पाळतात तो काळा दिवस, माझ्या घरात कसा जातो ते मला माहीत आहे आणि हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. पण आधी वेगळेपण समजावते. महाराष्ट्र आणि कर्नाटक एकाच प्रजासत्ताकातली दोन राज्यं आहेत. त्यांच्यात राजदूत नाही, व्हिएन्ना करार नाही. सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमानं संसदेकडं आहे, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात आहे. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल मी पोरांना वाचायला लावते, तोही तांबड्या-निळ्यानंच, आणि दोन्ही राज्यांनी त्यावर काय म्हटलं तेही. छिटमहालांपासून उसना घेण्यासारखा भाग घरोघरी जाऊन माणसाला विचारण्याचा आहे. त्या मुलीला मी तेवढंच पान वहीत पुन्हा उघडून दाखवते.

आता तुम्ही करून बघा. घरात किंवा वर्गात दोन गट करा. एकाला वरचं गाव द्या, एकाला खालचं, मध्ये मलप्रभेसारखी एक नदी. वरच्यांना बंधारा बांधायचाय, खालच्यांना उन्हाळ्यात पिण्याचं पाणी पाहिजे. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी द्या जी दुसऱ्यानं बघायची नाही: मागणी काय, खरी गरज काय, आणि घरी काय सांगावं लागेल. कोण कुठं बसणार हेही त्यांनाच ठरवू द्या, आणि त्यात वेळ गेला तर जाऊ द्या. पॅरिसमध्ये व्हिएतनामच्या बोलण्यांना १९६८-६९ च्या हिवाळ्यात टेबलाचा आकार ठरवायलाच कित्येक आठवडे लागले, कारण कोण कुणाच्या बरोबरीनं बसतो यावर कोण कुणाला पक्ष मानतो ते ठरत होतं. एका मुलाला मध्यस्थ करा, मसुदा फक्त त्यानंच लिहायचा. दीड तास द्या, घड्याळ दिसेल असं ठेवा. शेवटच्या पंधरा मिनिटांत गट अदलाबदल करा आणि तोच मसुदा पलीकडच्या खुर्चीवरून वाचायला सांगा. आमच्याकडं दर वेळी याच पंधरा मिनिटांत "पाणी सोडले जाईल" चं "१ मार्च ते ३१ मे पाणी सोडले जाईल" होतं.

वहीचं पहिलं पान मात्र रिकामं ठेवा. येत्या १ जानेवारीला एक बारीकशी बातमी येईल, बहुतेक आतल्या पानावर, दोन इंचांची: भारत आणि पाकिस्तान यांनी आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला या याद्या दिल्या जातात. कारगिलनंतर, मुंबईनंतर, २०१९ नंतरही दिल्या गेल्या. ती बातमी कापून त्या पानावर चिकटवा आणि "दिल्या" खाली तांबडी रेघ मारा.